सिल्लोडच्या वाटेवरची मोठी नावं

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालं की फुलंब्रीनंतर सिल्लोड लागतं. पुढे गोळेगाव, अजिंठा, मग घाट उतरून फर्दापूर, वाकोद, पहूर. कापूस, मका आणि हिरवी मिरची पिकवणारा हा तालुका. इथल्या शेतात ठिबकच्या नळ्या दिसतात, मृगाच्या तोंडावर कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या येतात, दारात मोटारसायकल उभी असते. या वस्तूंवरची नावं घरातल्या लहान मुलालाही पाठ असतात. त्यांतली बरीच नावं सिल्लोडच्याच आसपास मोठी झाली, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

वाकोदचं पाणी

अजिंठ्याचा घाट उतरल्यावर लागणारं वाकोद हे जामनेर तालुक्यातलं गाव. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ साली इथे झाला. त्यांचे पूर्वज राजस्थानातल्या आगोलाईहून पाण्याच्या शोधात या भागात आले होते. पाण्यासाठी गाव सोडलेल्या त्या घराण्यातला मुलगा पुढे थेंब थेंब पाणी वाचवणारी यंत्रणा देशभर नेतो, हा योग विलक्षण आहे.

भवरलाल राज्य सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले होते आणि सरकारी अधिकारपद समोर होतं. त्यांनी धंद्याची वाट धरली. १९६३ साली घरातल्या पिढ्यांनी साठवलेल्या सात हजार रुपयांवर जळगावात घासलेट विकायला सुरुवात केली. पुढे बियाणं, खतं, ट्रॅक्टर, पाइप अशा शेतीला लागणाऱ्या एकेक वस्तूंची विक्री वाढत गेली. १९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेतला. केळीच्या जिल्ह्यात केळीच्याच कारखान्याला कुलूप लागलं होतं. त्यांनी तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. मांस मऊ करायला, बिअर नितळ करायला आणि औषधांत वापरलं जाणारं हे द्रव्य जळगावातून परदेशी जाऊ लागलं. ठिबकचा उद्योग त्यानंतरचा.

ठिबक सिंचनाचं आधुनिक तंत्र इस्रायलच्या वाळवंटात, १९६५ साली हात्झेरीम या किबुत्झमध्ये व्यापारी पातळीवर आलं. त्याच इस्रायलमधल्या नानदान या कंपनीत जैन इरिगेशनने २००७ साली निम्मा हिस्सा घेतला आणि पुढे ती पूर्ण विकत घेतली. ज्यांच्या देशाकडून विद्या आली, त्यांच्याच कंपनीची मालकी जळगावकडे आली होती.

भेंडीपासून कपाशीपर्यंत

सिल्लोडहून भोकरदनमार्गे जालना गाठता येतं. महिको या बियाणे कंपनीचं हे गाव. संस्थापक बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे, दत्तक येऊन जालन्याचे झाले. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात त्यांनी तुरुंगवास भोगला होता.

त्यांच्या बियाणे व्यवसायाची सुरुवात कपाशीने झाली नाही, भेंडीने झाली. भेंडीवर पिवळ्या शिरांचा विषाणूरोग येतो, पानं पिवळी पडतात आणि हातचं पीक जातं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारा पुसा सावनी हा वाण काढला होता. बारवाले यांनी त्याचं बियाणं वाढवून शेतकऱ्यांना विकलं. संस्थेतला वाण आणि शेतकऱ्याची पाभर यांच्यामधला दुवा कोणीतरी व्हायला हवा, हे त्यांनी ओळखलं. १९६४ साली महिकोची स्थापना झाली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतीतलं नोबेल म्हणून ओळखला जाणारा हा सन्मान जालन्याच्या माणसाकडे आला, ही मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ती महिको आणि अमेरिकेच्या मॉन्सॅन्टो यांनी मिळून आणलेल्या वाणांना. बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळी या तंत्राला सरावली आणि शेतकरी पुन्हा फवारणीकडे वळला. यश आणि मर्यादा या दोन्ही बाजू कापूस पिकवणाऱ्या तालुक्याने जवळून पाहिल्या आहेत.

साखरेतून टीव्ही

व्हिडिओकॉन म्हटलं की रंगीत टीव्ही आठवतो. या उद्योगामागच्या धूत घराण्याने मात्र साखरेपासून सुरुवात केली. नंदलाल माधवलाल धूत यांनी १९५५ साली गंगापूर साखर कारखाना उभा केला. १९८० च्या दशकात याच घराण्याने जपानच्या तोशिबाशी सहकार्य करून टीव्ही काढले आणि त्यांच्या कारखान्यामुळे पैठण रस्त्यावरचं चितेगाव देशाच्या नकाशावर आलं. पुढे तेल, वायू, मोबाइल सेवा असा पसारा वाढला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचेही होते. कर्जं वाढत गेली आणि जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

वाळूजची गाडी

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि तेव्हाच्या औरंगाबादचं, आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, रूप पालटलं. या घराण्याचं मूळ वर्ध्यात आहे. जमनालाल बजाज राजस्थानातून वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आले. १९२८ साली त्यांनी वर्ध्यातलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. ते १९४२ साली वारले. पुढे बजाज ऑटो झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी त्यानंतर, १९४५ साली नोंदली गेली.

बजाजची पहिली स्कूटर इटलीच्या पियाजो कंपनीच्या परवान्यावर बनणारी व्हेस्पा होती. पियाजो आधी विमानं बनवायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा पोन्तेदेरा इथला कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि १९४६ साली तिने स्कूटर आणली. ती आखणारे कोर्रादिनो दास्कानियो हेलिकॉप्टरचे अभियंते होते आणि मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. चालवणाऱ्याचे कपडे तेलाने माखू नयेत म्हणून त्यांनी इंजिन झाकून टाकलं. परवान्याची मुदत १९७१ साली संपली आणि पुढच्याच वर्षी बजाजने स्वतःची चेतक आणली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत.

शेंद्र्याची तक्रार

जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. या कंपनीच्या जन्मामागे एका ग्राहकाची तक्रार आहे. बोहेमियातल्या म्लादा बोलेस्लाव या गावी व्हाक्लाव्ह क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याची सायकल नादुरुस्त झाली, तेव्हा त्याने जर्मन कंपनीला आपल्या चेक भाषेत पत्र लिहिलं. आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा, अशा अर्थाचं उत्तर आलं. १८९५ साली त्याने व्हाक्लाव्ह लौरिन या कारागिराला जोडीला घेऊन स्वतःच सायकली बनवायला सुरुवात केली. दहा वर्षांत त्यांची मोटार रस्त्यावर आली आणि १९२५ साली ही कंपनी स्कोडा उद्योगसमूहात विलीन झाली. मातृभाषेत केलेली तक्रार धुडकावल्याने एक ग्राहक गेला आणि एक प्रतिस्पर्धी उभा राहिला.

आता सिल्लोडची पाळी

या कहाण्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. यांतले बहुतेक उद्योग सुरुवातीला मोठे नव्हते. रोगाने जाणारी भेंडी, बंद पडलेला कारखाना, नादुरुस्त सायकल अशा समोरच्या अडचणीला कोणीतरी हात घातला आणि मग नाव झालं. व्हिडिओकॉनची कहाणी दुसरा धडा देते: झालेलं नाव पेलायचं तर पसाऱ्याला लगाम हवा.

सिल्लोड तालुक्याकडे एक जगप्रसिद्ध नाव आधीपासूनच आहे. लेण्यांना ज्या गावाचं नाव मिळालं ते अजिंठा याच तालुक्यात आहे. या नावाची किंमत बाहेरच्यांनी ओळखली. गुजरातेतल्या मोरबीला ओधवजी पटेल यांनी १९७१ साली सुरू केलेल्या घड्याळांवर अजंता हे नाव आलं आणि ती देशभर भिंतींवर लागली. १९७३ साली निघालेल्या अजंता फार्मा या औषध कंपनीनेही हेच नाव घेतलं. खुद्द तालुक्यातली मिरची आणि मका मात्र बहुतेक वेळा गोणीत भरून, व्यापाऱ्याच्या नावाने बाहेर जातात. शेजारच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारातही चित्र फार वेगळं नाही.

वाट मात्र बंद नाही. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला, जालन्याच्या मोसंबीला आणि जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सिल्लोडच्या तरुणांनी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि बाजार समितीने हाच प्रयत्न मिरचीसाठी करावा: प्रतवारी करावी, वाळवण आणि साठवणीची सोय उभारावी, नाव नोंदवावं आणि त्या नावाखाली कधीही खराब माल जाऊ देऊ नये. वाकोदच्या माणसाने सात हजार रुपयांवर सुरुवात केली होती. सिल्लोडकरांकडे जमीन आहे, पीक आहे, रस्ता आहे आणि जगाला माहीत असलेलं नाव आहे. सुरुवात त्यांनी करावी.