विश्लेषण : जुन्या बुलेटच्या क्लचमधील एका छोट्या रिंगला इतके महत्त्व का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी बाबांची, १९७३ ची साडेतीनशे सीसी बुलेट. खंबाटकी घाटात निम्म्यावर आल्यावर डाव्या पायाजवळून खरखर ऐकू येऊ लागली. वळणावर गिअर उतरवण्यासाठी क्लच दाबला, पण क्लच सुटेना. गिअर बदलेना, न्यूट्रल सापडेना आणि मागे मालाने भरलेला ट्रक. कशीबशी गाडी कडेला घेत डिकॉम्प्रेसर ओढला, तेव्हा इंजिन बंद पडले.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. डाव्या बाजूचे कव्हर उघडले, तर तळाच्या तेलात एक गोल रिंग पडलेली. क्लचची जुळणी जागेवर धरून ठेवणारी हीच ती रिंग. ती खाचेतून निसटल्यामुळे ड्रम बाहेर सरकला होता आणि कव्हरला आतून घासून त्याने चकचकीत चर पाडला होता. क्लच आदल्याच आठवड्यात उघडून पुन्हा बसवला होता आणि तो बसवणारा मीच होतो. प्लेट नव्या घातल्या, रिंग मात्र जुनीच ठेवली. ‘चांगली तर दिसते आहे’ एवढाच विचार केला होता. दोन वडापावच्या पैशांत येणारा भाग वाचवला आणि खर्च झाला कव्हर, चेन आणि टेम्पोचा. यात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या पदवीचा काही उपयोग झाला नाही.

जुन्या मोटरसायकली घरी दुरुस्त करणाऱ्यांची हौस वाढते आहे. त्यामुळे हे छोटे भाग काय करतात आणि ते कसे बसवायचे, हे समजून घ्यायला हवे.

क्लच नेमके काय करतो?

इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणे आणि हवी तेव्हा तोडणे, हे क्लचचे काम. जुन्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असतात. इंजिनच्या शाफ्टवरील दातेरी चक्रापासून क्लचच्या ड्रमपर्यंत दुपदरी प्रायमरी चेन जाते. ड्रम बेअरिंगवर फिरतो. ड्रमसोबत फिरणाऱ्या घर्षण प्लेट आणि मधल्या हबसोबत फिरणाऱ्या पोलादी प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगांच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि ताकद हबमार्फत गिअरबॉक्सच्या शाफ्टला मिळते.

लिव्हर दाबला की पोकळ शाफ्टमधून जाणारा पुश रॉड प्रेशर प्लेटला बाहेर ढकलतो. प्लेट सुट्या होतात आणि ताकद तुटते. म्हणजे क्लचमध्ये गोल फिरण्याबरोबरच आत-बाहेर अशीही हालचाल होते. ती ठरलेल्या मर्यादेत राहावी, यासाठीच धरून ठेवणारे भाग असतात.

हे ‘धरून ठेवणारे’ भाग कोणते?

ढोबळमानाने तीन. पहिला, हब शाफ्टवर आवळणारा नट आणि त्याखालील लॉक वॉशर. या वॉशरची जीभ नटच्या सपाट बाजूवर वाकवली की नट सैल होऊ शकत नाही. दुसरा भाग म्हणजे सर्क्लिप किंवा रिंग. ही खाचेत बसते आणि पुढच्या भागाला बाहेर येऊ देत नाही. तिसरा, स्प्रिंगांना दाबून धरणारे स्क्रू, त्यांच्या टोप्या आणि स्प्रिंगांच्या आतल्या नळ्या.

हे भाग ताकद वाहून नेत नाहीत, त्यामुळे दुय्यम वाटतात. प्लेट झिजल्या तर गाडी आधी सूचना देते. क्लच घसरतो, चढावर इंजिन नुसतेच ओरडते. रिंग अशी सूचना फारशी देत नाही. ती खाचेत असते किंवा नसते.

जुनी सर्क्लिप पुन्हा का वापरू नये?

सर्क्लिप स्प्रिंगच्या पोलादाची असते. बसवताना ती थोडी फाकवावी किंवा दाबावी लागते आणि खाचेत गेल्यावर ती मूळ आकारात येऊ पाहते. तिची सगळी पकड या ‘येऊ पाहण्या’तच आहे. पोलादाला एक लवचीक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत ताण दिला तर वस्तू पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली की थोडा बाक कायमचा राहतो. केसांची क्लिप एकदा जास्त फाकवली की ती सैल होते, तसेच हे आहे.

सर्क्लिप काढताना ती मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. ती खाचेत रुतलेली असते, तेलाने काळवंडलेली असते आणि आपण स्क्रू ड्रायव्हर घालून तिला उचकटतो. बाहेर आलेली रिंग डोळ्यांना ठीक दिसते. परत घातली की खाचेत बसतेही. पण तिचा दाब कमी झालेला असतो. इंजिनचे हादरे आणि क्लचची रोजची शेकडो वेळची हालचाल यांपुढे ती फार काळ टिकत नाही.

लॉक वॉशरचेही तेच. एकदा वाकवलेली जीभ सरळ करून पुन्हा वाकवली की घडीच्या जागी धातू कडक होतो आणि तिथेच चीर जाते. तुटलेली जीभ मग चेनच्या वाटेत येते. एका वॉशरला दोन-तीन जिभा असतील, तर न वापरलेली जीभ वाकवता येते. नाहीतर वॉशर नवा घ्यावा.

सर्क्लिपला उलट-सुलट बाजू असते का?

असते. पत्र्यातून ठोकून काढलेल्या सर्क्लिपची एक कड किंचित गोलसर आणि दुसरी धारदार असते. नख फिरवले तर फरक कळतो. गोलसर कड धरून ठेवायच्या भागाकडे आणि धारदार कड खाचेच्या बाहेरच्या भिंतीकडे ठेवायची. दाब आला की धारदार कड भिंतीला सपाट टेकते. उलटी बसवली तर गोलसर कड भिंतीवरून चढून निसटू शकते. गोल तारेपासून वळवलेल्या रिंगला मात्र अशी बाजू नसते.

पक्कडही दोन प्रकारची लागते. शाफ्टवरची सर्क्लिप फाकवावी लागते आणि भोकातली दाबावी लागते. टोकांना भोके नसलेली रिंग छोट्या स्क्रू ड्रायव्हरने एका टोकापासून सुरुवात करून हळूहळू काढतात. दोन्ही वेळा डोळ्यांवर चष्मा हवाच. उडालेली सर्क्लिप कुठे जाईल, याचा नेम नसतो.

बसवण्याचा क्रम काय?

सुरुवातीला स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. हाताने फिरवताना इंजिन सुरू होता कामा नये. कव्हर काढल्यावर खाच स्वच्छ करावी. खाचेत जुन्या तेलाचा गाळ असला तर नवी रिंगही पूर्ण आत जात नाही. खाचेच्या कडा घासून गोल झाल्या असतील, तर नुसती रिंग बदलून भागणार नाही. तो भागच बदलावा लागेल.

प्रायमरी चेन अखंड असते. त्यामुळे इंजिनकडचे दातेरी चक्र आणि क्लच चेनसह एकत्रच आत सरकवावे लागतात. हबचा नट आवळताना सगळे फिरू लागते. अनेक जण चेनमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवतात. यात चेनची कडी किंवा चक्राचा दात जातो. जुने मिस्त्री यासाठी एक टाकाऊ घर्षण प्लेट आणि एक पोलादी प्लेट एकत्र वेल्ड करून तिला दांडी जोडतात. ती आत घातली की ड्रम आणि हब एकमेकांत अडकतात. गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबला की नट निवांत आवळता येतो. त्यानंतर वॉशरची जीभ नटच्या सपाट बाजूला पूर्ण टेकेपर्यंत वाकवावी, पण छिन्नीच्या धारेने नाही.

रिंग बसवताना एक टोक खाचेत घालून तिथून कडेकडेने पुढे जावे. बसली की ‘टक’ असा आवाज येतो, पण त्यावर विसंबू नये. रिंग खाचेत फिरवून पाहावी. सगळीकडे सारखीच खोल गेली आहे का, हे टॉर्चच्या उजेडात तपासावे. माझे चुकले ते इथे. मी आवाज ऐकला आणि पुढे गेलो.

शेवटी प्लेट, स्प्रिंग आणि स्क्रू. जुन्या बुलेटच्या क्लचमध्ये तीन स्प्रिंग असतात आणि त्यांच्या आत नळ्या असतात. नळीमुळे स्प्रिंग किती दाबली जाईल हे आधीच ठरलेले असते. म्हणून स्क्रू पूर्ण आवळायचे, पण एकदम एकच नाही, तर तिन्ही थोडे थोडे. नळी विसरली की दाबाचा सगळा हिशेब चुकतो. कव्हर लावण्यापूर्वी लिव्हर दाबून प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलते का, हे पाहावे आणि किक हळूच फिरवून काही घासत नाही ना, याची खात्री करावी.

सगळ्या जुन्या गाड्यांना हाच नियम लागू होतो का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. ट्रायम्फच्या साठच्या दशकातील ट्विन इंजिनांच्या क्लचमध्ये स्प्रिंगांचे नट ‘पूर्ण आवळून’ चालत नाहीत. प्रेशर प्लेट न डगमगता फिरेपर्यंत प्रत्येक नट वेगळा जुळवावा लागतो. त्याच क्लचमध्ये २० सुटे रोलर असतात. व्यास पाव इंच, लांबी मात्र पाव इंचापेक्षा किंचित कमी. बाजारात सहज मिळणारे पाव बाय पाव इंचाचे रोलर घातले तर क्लच अडकतो.

नॉर्टन कमांडोमध्ये वेगवेगळ्या स्प्रिंगांऐवजी बशीसारखी एकच डायफ्राम स्प्रिंग असते आणि तिला एक मोठी सर्क्लिप धरून ठेवते. ही स्प्रिंग खास अवजाराने सपाट केल्याशिवाय सर्क्लिपला हात लावणे धोक्याचे आहे. स्प्रिंगमध्ये साठलेला दाब एकदम सुटतो आणि तोंडावर किंवा हातावर गंभीर इजा होऊ शकते. नॉर्टन ही ब्रिटिश कंपनी २०२० मध्ये भारताच्या टीव्हीएसने विकत घेतली. पण जुन्या कमांडोला अवजार आजही तेच लागते.

सुटे भाग मिळतात, मग अडचण कुठे?

रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ मध्ये एकत्र येऊन भारतात बुलेट बनवायला सुरुवात केली आणि हीच रचना पुढे कित्येक दशके थोड्याफार बदलांसह चालू राहिली. त्यामुळे सुटे भाग दुर्मीळ नाहीत. अडचण आहे ती ‘साधारण तसाच’ भाग घेण्यात. जुन्या बुलेटवर अनेक ठिकाणी ब्रिटिश मापाचे आटे आहेत. मिलिमीटरचा पाना नटचे कोपरे गोल करतो. सर्क्लिप जाडीने थोडी कमी असली तरी खाचेत खेळते, जास्त असली तर आत जात नाही. म्हणून दुकानात जुना भाग आणि व्हर्निअर कॅलिपर सोबत न्यावा. व्यास, जाडी आणि खाचेची रुंदी ही तीन मापे वहीत लिहिलेली असली की दुकानदाराच्या ‘बसतंय हो दादा’ला उत्तर देता येते.

आणखी एक. सुटलेला भाग नेहमी तळातच सापडेल असे नाही. ज्या गाड्यांत ऑल्टर्नेटर प्रायमरी कव्हरच्या आत असतो, तिथे रोटरचे चुंबक पोलादी तुकडे ओढून घेते. कव्हर लावण्यापूर्वी काढलेले आणि बसवलेले भाग मोजावेत आणि रोटरवर बोट फिरवून पाहावे.

व्हिंटेज नोंदणीशी याचा संबंध काय?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि मोठे फेरफार न केलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच मुभा असते.

चुकीच्या रिंगमुळे नोंदणी नाकारली जाईल, असे नाही. पण एका निसटलेल्या रिंगमुळे ड्रम, कव्हर, कधी शाफ्टही खराब होतो आणि मग मूळ भागांच्या जागी मिळेल ते बसवले जाते. गाडीचे मूळपण असे एकेका भागाने कमी होत जाते.

बाबांच्या बुलेटने पन्नाशी ओलांडली आहे. व्हीए नोंदणी करावी की नाही, हा निर्णय घरात अजून झालेला नाही, कारण रविवारी सकाळी ती घेऊन भाजी आणायला जाणे बाबांना सोडायचे नाही. क्लच पुन्हा मीच बसवला. रिंग नवी, वॉशर नवा. बाबा शेजारी स्टुलावर बसून होते. कव्हर लावायला घेतले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “थांब. रिंग फिरवून दाखव.”