फायबरच्या होडीची कुजलेली तक्तपोशी

फायबरची होडी कुजत नाही, असे आपण सर्रास म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. काचेचे धागे आणि रेझिन यांनी बनलेले बाहेरचे कवच कुजत नाही. पण ज्या तक्तपोशीवर आपण पाय ठेवतो, ती पुष्कळ जुन्या होड्यांत प्लायवुडची असते, तिच्याखालचे वासे लाकडाचे असतात. आणि लाकूड म्हटले की कुजणे आलेच.

आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या टापूत पवना, मुळा, इंद्रायणी, भामा या नद्या वाहतात. वरच्या अंगाला पवना, भामा-आसखेड, चासकमान ही धरणे आहेत. अशा मुलखात एखादी जुनी होडी वर्षभर पडून राहते आणि पूर आला की तिची आठवण होते. म्हणून तिची दुरुस्ती उन्हाळ्यातच करावी.

प्रथम लाकूड का कुजते ते पाहू. कुजवणारी बुरशी ही सजीव वस्तू आहे. तिला ओल, हवा आणि ऊब तिन्ही लागतात. कुंपणाची मेढ बघा. ती जमिनीलगत कुजते, कारण तिथे ओलही असते आणि हवाही. होडीत बाकाचे स्क्रू बसवताना पाडलेल्या भोकांतून पाणी प्लायवुडमध्ये शिरते. वरून रेझिनचा थर असल्याने ते वाळत नाही. आतल्या आत लाकडाचा भुसा होतो आणि वरून मात्र सारे ठीक दिसते.

धोका पाय खाली जाण्याचा आहेच, पण आणखीही एक आहे. तक्तपोशीखाली पुष्कळदा तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो पाणी धरू लागला की त्याचा उपयोग उलटा होतो. फोममध्ये १०० लिटर पाणी मुरले, तर होडीवर १०० किलोंचे ओझे कायमचे बसले. म्हणजे एका माणसापेक्षा अधिक. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. नावेत माणसे फार झाली होती. होडीने आधीच न दिसणारे ओझे पोटात घेतले असेल, तर तिच्यावर लिहिलेल्या माणसांच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

तर आता कामाला लागू. पान्ह्याच्या दांड्याने तक्तपोशीवर हातभर अंतराने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लाकूड निरोगी, बद्द आवाज आला तर कुजलेले. होडीला मोटर असेल तर ती ज्या मागच्या फळीवर बसते तीही ठोकून बघा. ती फळी कुजली असेल किंवा तळाच्या कवचालाच तडा असेल, तर ते काम होडी बांधणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

कापण्यापूर्वी होडी सपाट जागी ठेवून तिला खालून सर्व बाजूंनी सारखे टेकण द्या. तक्तपोशी ही होडीची फासळी आहे. ती काढली की कवच वाकू शकते. जुन्या तक्तपोशीची उंची जागोजागी मोजून लिहून ठेवा. मग कडेने दोनतीन इंचांची पट्टी राखून कापा. करवतीचे पाते प्लायच्या जाडीपेक्षा खोल जाऊ देऊ नका, नाहीतर तळच कापला जाईल. राखलेली पट्टीही मऊ निघाली तर तीही तासून काढा. काचेची धूळ फार वाईट. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

ओला फोम सगळा काढा. कुजलेले वासे एकेक करून बदला. सगळे एकदम काढले तर आकार बिघडेल. नंतर होडी छपराखाली उघडी ठेवून वाळवा. वाळली की नाही हे कसे ओळखावे? प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव आले तर अजून थांबा.

नवी तक्तपोशी मरीन प्लायची घ्या, त्यावर आय.एस. ७१० ही खूण असते. पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो होडीत बसवून बघून मगच प्लाय कापा. दोन्ही अंगे आणि विशेषतः चारी कडा रेझिनने माखा. खालची बाजू माखण्याचा कंटाळा केला तर तीच जागा प्रथम कुजते. तक्तपोशी बसली की कडेचा सांधा लुकणाने भरून गोलसर करा आणि त्यावर काचेच्या मॅटच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून चढवा. फोम पुन्हा भरायचा तर पाणी न शोषणारा, बंद कप्प्यांचा घ्या आणि पाणी मागे वाहून जायला वाट ठेवा.

रेझिनबद्दल एक ताकीद. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन औषधे पडतात. ती दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन घेणे उत्तम. हार्डनर साधारणपणे १०० भागांस एक ते दोन भाग. कडक उन्हाळ्यात कमीच. एका वेळी थोडेच कालवा. हार्डनर डोळ्यात उडाला तर लगेच निदान १५ मिनिटे पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

बाकांचे स्क्रू बसवताना भोक मोठे पाडा, ते घट्ट रेझिनने भरा, वाळल्यावर त्यात बारीक भोक पाडून स्क्रू फिरवा. मग पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. जुने दुखणे इथेच सुरू झाले होते, हे विसरू नका.

शेवटी परीक्षा. सहा माणसांची होडी असेल तर माणशी ७५ किलो धरून ४५० किलो, म्हणजे ५० किलोंची नऊ वाळूची पोती, उथळ पाण्यात बांधलेल्या होडीत सारखी मांडून रात्रभर ठेवा. सकाळी आत पाणी नसले आणि होडी एका अंगाला कलली नसली, तर काम साधले. शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा आणि माणसांचा आकडा होडीवर ठळक रंगवावा. पुराच्या दिवशी गर्दीला "आता पुढच्या खेपेला" असे सांगायला तोच आकडा उपयोगी पडेल.