शून्य काउंट, एक जास्तीचा एक्स आणि आमच्यापुढचे रस्ते

एरवी मी इथे कोड, नोकरी आणि डहाणू लोकलची गर्दी यावर बडबडतो. आजचा भाग माझ्याबद्दल आहे आणि बायकोला विचारून करतोय. घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर ऐकता येणार नाही, म्हणून लिहूनही ठेवलाय. निवांत वाचा.

मी बोईसरचा. बाबा तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर होते, मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये. लग्नाला दीड वर्ष झालं आणि "गोड बातमी कधी?" सुरू झालं. त्यानंतरचं वर्षभर बोईसर, पालघर, मुंबई अशा फेऱ्या, आणि सगळ्या तपासण्या हिच्याच. रक्त, सोनोग्राफी, मग नळ्यांचा एक्स-रे. तो दुखतो. ती रिक्षात पोट धरून बसली होती आणि मी शेजारी कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये. वर्षभरात माझी तपासणी करा असं कुणी म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

शेवटी तीच म्हणाली, "आता तू जा." वीर्यतपासणी. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, लॅबमध्ये नमुना द्यायचा, संपलं. सुई नाही, भूल नाही. रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात लिहिलं होतं: निल. काही आठवड्यांनी पुन्हा केली (एका रिपोर्टवर निर्णय घ्यायचा नसतो), पुन्हा निल. याला अझूस्पर्मिया म्हणतात.

इथून पुढे नीट ऐका, कारण शून्य दोन प्रकारचं असतं. एक, माल तयार होतोय पण पाइप बंद आहे. दोन, कारखान्यातच उत्पादन नाही किंवा नगण्य आहे. हे कळायला डॉक्टर वृषणांचा आकार तपासतात आणि रक्तात एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन बघतात. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच सोडून वृषणांना "काम करा" असा निरोप पाठवते. काम होत नसेल तर ती निरोपाचा आवाज वाढवते. माझं एफएसएच खूप वाढलेलं होतं. म्हणजे प्रकार दुसरा.

मग जनुकीय तपासण्या. यात मुख्यतः तीन गोष्टी सापडू शकतात. पहिली, क्लाइनफेल्टर सिंड्रोम: पुरुषात एक्स-वाय असतं, त्याऐवजी एक्स-एक्स-वाय. दुसरी, वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गायब. यात कुठला तुकडा, ते महत्त्वाचं. एझेडएफ-ए किंवा बी हा भाग पूर्ण गेला असेल तर ऑपरेशन करून शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते, सी गेला असेल तर बऱ्याचदा मिळतात. पण तोच दोष पुढे मुलग्याकडे जातो. तिसरी, जन्मतःच शुक्रवाहिन्या नसणं. हा पाइपवाला प्रकार. त्यात शुक्राणू सहसा सहज काढता येतात, पण हा दोष बहुतेकदा सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकाशी जोडलेला असतो, म्हणून बायकोचीही त्या जनुकासाठी तपासणी आधी करावी लागते.

माझ्या कॅरिओटाइपवर आलं: ४७, एक्सएक्सवाय. जिथे ४६ हवीत तिथे ४७. आमच्या भाषेत लूप एकदा जास्त फिरला. साधारण पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकाला हे असतं आणि अनेकांना मूल होत नाही म्हणून तपासल्यावरच कळतं. दाढी आहे, संसार आहे, नोकरी आहे; बाहेरून काही दिसत नाही. १९४२ मध्ये डॉ. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी लक्षणं मांडली, जास्तीचा एक्स १९५९ मध्ये सापडला.

आता माझी चूक. कॅरिओटाइपचा रिपोर्ट यायला वेळ होता. दरम्यान एका डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून त्याची इंजेक्शनं सुरू केली. मला बरं वाटायला लागलं, उत्साह वाढला. तीन महिने घेतली. नंतर मुंबईतल्या तज्ज्ञांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरीला वाटतं काम झालं, ती निरोप पाठवणं थांबवते आणि वृषणात कुठे थोडे शुक्राणू बनत असतील तेही थांबतात. म्हणून मूल हवं असेल तर आधी शुक्राणूंचा प्रश्न मार्गी लावायचा, मग इंजेक्शन. इंजेक्शन वाईट नाही. हाडं, स्नायू, मूड यासाठी मला ते पुढे लागेल. क्रम चुकला होता. आता ते बंद आहे आणि ऑपरेशनसाठी काही महिने थांबायला सांगितलंय.

घरी सांगितलं तेव्हा आई गप्प झाली. बाबा म्हणाले, "तीस वर्षं केमिकलमध्ये काढली मी. त्याचंच हे." शेजारच्या काकांनी तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे बोट दाखवलं. बाबांना मी कागदावर काढून दाखवलं. शुक्राणू किंवा स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची जोडी वेगळी व्हायची राहते. साधारण निम्म्या वेळा हे वडिलांकडून होतं, निम्म्या वेळा आईकडून. माझ्या रिपोर्टवरून कुणाकडून ते कळतही नाही. आणि जिथे एक कारखाना नाही अशा गावांतही अशी मुलगे जन्मतात. हा योगायोग असतो. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पटलं की नाही माहीत नाही, पण त्या रात्री जेवले.

आता रस्ते. पहिला, मायक्रो-टेसे आणि इक्सी. भूल देऊन वृषण उघडतात आणि मायक्रोस्कोपखाली जरा फुगीर दिसणाऱ्या नलिका शोधून काढतात. त्यात शुक्राणू मिळाले तर एकेका स्त्रीबीजात एकेक टोचतात. परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या टीमचं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, पण ते तंत्र माझ्या कामाचं नव्हतं. त्यात बशीत भरपूर शुक्राणू लागत. इक्सी १९९२ मध्ये ब्रसेल्समधून आलं आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषांना स्वतःची मुलं झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आज अशा ऑपरेशनमध्ये साधारण दहापैकी चार-पाच जणांत शुक्राणू मिळतात. मिळाले म्हणजे बाळ झालं असं नाही. तिथून पुढे पुन्हा गळती आहे. झालेल्या मुलांची गुणसूत्रं मात्र बहुतेक वेळा नॉर्मल असतात. खर्च लाखांत जातो आणि बायकोलाही इंजेक्शनं, स्त्रीबीज काढणं हे सगळं करावं लागतं. म्हणून आम्ही ठरवलंय: आधी माझं ऑपरेशन, शुक्राणू मिळाले तर फ्रीझ, मगच तिला सुई.

दुसरा, डोनरचे शुक्राणू. एका नातेवाइकांनी सुचवलं, "बाहेरचं कशाला, घरातलंच घ्या." तसं चालत नाही. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे डोनर नोंदणीकृत बँकेतून आणि निनावी असतो, दोघांची लेखी संमती लागते आणि मूल कायद्याने पूर्णपणे तुमचंच असतं. क्लिनिकचीही नोंदणी लागते. पहिल्या भेटीत नोंदणी क्रमांक विचारा.

तिसरा, दत्तक. 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करायची. जोडप्याला लग्नाची दोन वर्षं पूर्ण लागतात. वाट बघावी लागते, म्हणून बाकी सगळं हरल्यावरचा उपाय म्हणून शेवटी ठेवू नका.

चौथा, दोघांनीच राहायचं. हाही रस्ता आहे, हार नाही.

ऑपरेशनच्या आधीच आम्ही एका वहीत लिहून सही केली: एकदाच प्रयत्न. शून्य आलं तर डोनर किंवा दत्तक, आणि ते ती ठरवणार. कारण वर्षभर ती एकटी टेबलावर झोपली होती. मी तेव्हा मीटिंगमध्ये होतो.

तुमच्यासाठी एकच सांगणं. मूल होत नसेल तर पहिल्या दिवशी दोघांची तपासणी. पुरुषाचा रिपोर्ट वर्षभर उशिरा येतो, तेव्हा ते वर्ष तिच्या अंगावर निघतं.

बोईसर स्टेशनवर भेटलात तर "गोड बातमी कधी" विचारू नका. चहा घेऊ. पुढच्या भागात पुन्हा कोड. भेटूच.