मध्य-चालित विद्युत सायकलीची साखळी व नियंत्रक

ज्या विद्युत सायकलीची मोटार चाकाच्या तुंब्यात नसून पायडलांच्या आसाजवळ बसवलेली असते, तिला मध्य-चालित किंवा मिड-ड्राइव्ह सायकल म्हणतात. जपानमधील यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेली ‘पास’ ही या रचनेची आरंभीची प्रसिद्ध सायकल होय. या प्रकारात मोटारीची शक्ती साखळीमार्गे मागील चाकाकडे जाते. त्यामुळे साखळी आणि मोटारीला वीज पुरवणारा नियंत्रक, म्हणजेच कंट्रोलर, यांची निवड एकमेकांचा विचार करूनच करावी लागते. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांसारख्या डोंगराळ आणि अतिपावसाच्या प्रदेशात चुकीच्या निवडीचे परिणाम लवकर दिसतात.

रचना

तुंब्यातील मोटार चाक थेट फिरवते. तिचा भार साखळीवर येत नाही, पण तिला गिअरचा लाभही मिळत नाही. मध्य-चालित मोटार पायडलांच्या आसाला बळ देते. म्हणून चढावर हलका गिअर टाकला की स्वाराबरोबर मोटारीचेही काम सोपे होते. मात्र स्वार आणि मोटार या दोघांचा ओढा एकाच साखळीवर पडतो.

हा फरक कर्जत स्थानकाच्या उदाहरणाने समजतो. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर ३७ फुटांत १ फूट असा चढ आहे. तो चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती मागून ढकलत असल्यामुळे संपूर्ण गाडीचा ओढा पुढील इंजिनालगतच्या जोडणीवर येत नाही. मागील तुंब्यातील मोटार अशा मागच्या इंजिनासारखी असते. मध्य-चालित मोटारीत मात्र दोन्ही इंजिने पुढेच जोडल्यासारखी स्थिती असते आणि साखळी ही ती पहिली जोडणी ठरते.

साखळीवरील ताण

सायकलीच्या साखळीच्या दोन लगतच्या पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते. त्यावरून ४२ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या सुमारे ८५ मिमी आणि ३२ दात्यांच्या चेनव्हीलची सुमारे ६५ मिमी येते. ६० किलो वजनाच्या स्वाराने १७ सेंमी लांबीच्या आडव्या क्रँकवर पूर्ण भार दिल्यास सुमारे १०० न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण होतो. मोटारीने त्यात ८० न्यूटन-मीटरची भर घातली, तर साखळीवरील ताण ४२ दात्यांवर सुमारे २,१०० न्यूटन आणि ३२ दात्यांवर सुमारे २,८०० न्यूटन होतो. मोटारीशिवाय हेच आकडे सुमारे १,२०० व १,५५० राहिले असते.

चांगल्या नव्या साखळीची तुटण्याची मर्यादा याहून बरीच अधिक असते. साखळी तुटते ती बहुधा झिजल्यामुळे, जोडकडी नीट न बसल्यामुळे किंवा मोटार पूर्ण जोरात असताना गिअर बदलल्यामुळे.

साखळीची निवड

साखळीची रुंदी मागील चक्रांच्या संख्येनुसार ठरते. एकाच गिअरच्या साध्या सायकलीस अर्धा इंच × एक-अष्टमांश इंच मापाची जाड साखळी लागते. गिअरच्या सायकलीत चक्रे वाढत जातात तशी साखळी अरुंद होते: आठ चक्रांची साखळी बाहेरून सुमारे ७ मिमी, तर अकरा चक्रांची सुमारे ५.५ मिमी रुंद असते. डोंगरी वापरासाठी आठ किंवा नऊ चक्रांची रचना हा व्यवहार्य मध्यम मार्ग ठरतो. तिची साखळी स्वस्त असते आणि चढासाठी पुरेसे हलके गिअरही मिळतात. साखळी मात्र चक्रांच्या संख्येशी जुळणारीच घ्यावी लागते. भारतात प्रचलित असलेल्या सात गिअरच्या फ्रीव्हीलवर सहा ते आठ चक्रांसाठीची साखळी चालते.

साध्या सायकलीवर मोटारीचा संच बसवल्यास चेनव्हील बाहेरच्या बाजूस सरकण्याची शक्यता असते. मग सर्वांत मोठ्या मागील चक्रावर, म्हणजे नेमकी चढावर, साखळी तिरकी चालते आणि लवकर झिजते. म्हणून संच बसवण्यापूर्वी साखळीची रेषा तपासणे आवश्यक असते.

झीज मोजण्यासाठी २४ पिनांच्या टप्प्यांचे अंतर घेतात. नव्या साखळीत ते १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी भरते. त्यात सुमारे १.५ मिमी वाढ झाली की अकरा-बारा चक्रांची साखळी बदलतात. आठ-नऊ चक्रांची साखळी सुमारे २.३ मिमी वाढीपर्यंत चालते. त्यानंतरही ती वापरल्यास चक्रांचे दाते खराब होतात आणि खर्च वाढतो.

नियंत्रकाची निवड

नियंत्रक बॅटरीतील एकदिश प्रवाह मोटारीच्या तीन वेटोळ्यांना क्रमाने पुरवतो. बॉश, शिमानो व बाफांग यांच्या अनेक मध्य-चालित मोटारींमध्ये तो मोटारीच्या आवरणातच असतो. तेथे मोटार निवडणे म्हणजेच नियंत्रक निवडणे होय. स्वतंत्र नियंत्रक घेताना पुढील बाबी पाहतात :

व्होल्टता : दहा घटांची ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भारित असताना ४२ व्होल्ट देते, तेरा घटांची ४८ व्होल्टची बॅटरी ५४.६ व्होल्ट देते. नियंत्रकाला ही कमाल व्होल्टता पेलली पाहिजे.

प्रवाहमर्यादा : ३६ व्होल्ट व १५ अँपिअरचा नियंत्रक बॅटरीतून सुमारे ५४० वॅट घेऊ शकतो. ही मर्यादा बॅटरीच्या संरक्षक मंडलाच्या अखंड क्षमतेपेक्षा कमी असावी. प्रवाह वाढवला की टॉर्क वाढतो आणि त्याच प्रमाणात साखळीवरील मोटारीचा ताणही वाढतो.

संवेदक : केवळ पायडलांची गती ओळखणारा संवेदक मोटार एकदम सुरू करतो व साखळीला हिसका बसतो. टॉर्क संवेदक स्वाराच्या जोराच्या प्रमाणात साहाय्य देतो. गिअर बदलताना क्षणभर वीज तोडणारा संवेदक साखळीचे आयुष्य वाढवतो.

चढ आणि पाऊस

स्वार, सायकल व सामान मिळून १०० किलो वजन १०० मीटरला ७ मीटर अशा चढावरून ताशी १५ किमी वेगाने नेण्यास सुमारे ३२० वॅट लागतात. ताशी ८ किमी वेगास सुमारे १७० वॅट पुरतात. खोपोलीपुढील शिंगरोबा मंदिराचा जुना घाटरस्ता किंवा नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतची चढण यांसाठी म्हणूनच अधिक अँपिअरच्या नियंत्रकापेक्षा हलका गिअर अधिक उपयोगी पडतो. जड गिअरमध्ये मोटार संथ फिरते, तापते आणि विजेचा मोठा भाग उष्णतेत वाया जातो.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो. पाण्याबरोबर उडणारी बारीक माती साखळीच्या पिनांत शिरून झीज वाढवते. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या फेरीनंतर साखळी पुसून कोरडी करणे, ओल्या हवामानासाठीचे तेल देणे आणि वरचे तेल पुसून काढणे उपयुक्त असते. तारांना खाली झोळ ठेवल्यास पाणी जोडण्यांत न शिरता ठिबकून जाते. पायडलांचा आस जमिनीपासून जेमतेम २७ ते ३० सेंमी उंच असल्याने फरशीपुलावरून पाणी वाहत असताना सायकल नेल्यास मोटार बुडण्याचा धोका असतो. वाहून जाण्याचा धोका त्याहून मोठा असतो.

कायदेशीर मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असलेली विद्युत सायकल विहित अटींवर मोटार वाहन मानली जात नाही. ताशी २५ किमी वेगाला, किंवा त्याआधी पायडल थांबल्यास, तिचे साहाय्य बंद झाले पाहिजे. ७५० किंवा १,००० वॅटच्या संचांना ही सूट लागू होत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे.