वीस मिनिटांची खोली

अमेरिकेत मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कॉलेजांची होस्टेलं रिकामी होतात. तिकडे त्यांना ‘डॉर्म’ म्हणतात. नियम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: शेवटचा पेपर दिला की २४ तासांत खोली सोडायची. पदवी घेणाऱ्यांना समारंभापर्यंत मुभा, बाकीच्यांनी निघायचं. माझी भाची पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. फोनवर ती सहज म्हणाली, “मावशी, आमच्याकडे परीक्षेपेक्षा डंपस्टर जास्त बघण्यासारखा असतो.” तिला आणायला ताई न्यू जर्सीहून निघाली, तशी मीही गाडीत बसले.

डंपस्टर म्हणजे कचऱ्याचा लोखंडी हौद. इमारतीच्या मागे असे तीन ओळीने मांडले होते, प्रत्येक ३० घनयार्डांचा, म्हणजे जवळजवळ २३ घनमीटर. दुपारपर्यंत पहिला काठोकाठ भरला. त्यात उभे आरसे होते, टेबलफॅन होते, प्लास्टिकचे खण, इस्त्री, कपडे वाळत घालायचे स्टँड, न फोडलेली नूडल्सची खोकी, एक बरी चालणारी सायकल आणि फोमच्या गाद्याच गाद्या. वाईट काहीच दिसेना. आपल्याकडे यातलं निम्मं संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी घरात लागलं असतं.

खोली सोडायची पद्धत ठरलेली असते. भिंतीवरचे फोटो काढायचे, फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यायचा, कचरा खाली न्यायचा, किल्ली पाकिटात घालून द्यायची. मग रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे मजल्याची जबाबदारी घेतलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी, यादी घेऊन येतो आणि भिंतीचा रंग कुठे निघाला, टेबलाला कुठे ओरखडा गेला ते लिहितो. दंड नंतर घरी कळतो. चाकांच्या ढकलगाड्या मोजक्याच, त्यामुळे लिफ्टपाशी ताटकळलेले आईबाप. भाचीचं सामान तासाभरात खाली आलं.

मी मात्र वरच रेंगाळले, कारण मजल्यावर एक वास भरला होता. नासलेलं दूध आणि त्यावर ओतलेलं ब्लीच. तो प्रत्येक दारातून वेगळा येत होता, कुठे दूध वरचढ, कुठे ब्लीच. वासामागे एक बाई होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, मूळच्या डोमिनिकन रिपब्लिकच्या, हातात रबरी मोजे, गुडघ्याला पट्टा. एका छोट्या फ्रीजचं दार उघडं धरून आतला बर्फ प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडत होत्या. ते उलथनंसुद्धा कोणीतरी मागे टाकलेलं.

मी विचारलं, एका खोलीला किती वेळ लागतो? त्या म्हणाल्या, “वीस मिनिटं.” मग हसून म्हणाल्या, “लागतो किती ते विचारू नका. देतात वीस मिनिटं.”

हा आकडा दिवसभर डोक्यातून जाईना. एका मजल्यावर ३२ खोल्या. २० मिनिटांच्या हिशोबाने आठ तासांच्या पाळीत २४ खोल्या होतात, तेही पाणी न पिता. गादी उलटून पाहायची, खण पुसायचे, खिडकीच्या चौकटीतला वर्षभराचा धुरळा काढायचा, फरशीवर गोंदाने चिकटलेलं काय आहे ते ओळखायचं. फ्रीज मागे राहिला असेल तर २० मिनिटं तिथेच संपतात. घाई कशाची, तर उन्हाळ्यात याच खोल्या परिषदांना, क्रीडा शिबिरांना, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांना भाड्याने जातात. रिकामी खोली विद्यापीठाला परवडत नाही.

मागे राहिलेल्या वस्तू तुम्ही नेता का, असं विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. नोकरीचा नियम आहे. टाकलेली वस्तू विद्यापीठाची, ती उचलली तर चोरी. हातातला फ्रीज चालू स्थितीत होता. त्यांच्या नातवाला खोलीत ठेवायला तसाच हवा होता, हे त्यांनी न विचारता सांगितलं. तो फ्रीज त्यांनी स्वतः ढकलत लिफ्टपाशी नेला. हौदात टाकायला त्यांना परवानगी होती, घरी न्यायला नव्हती.

मुलं उधळी आहेत, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटलं नाही. सोमवारी रात्री अकरापर्यंत अभ्यास, मंगळवारी सकाळी पेपर, बुधवारी सकाळी खोली रिकामी, दुपारी विमान. सामान साठवून देणाऱ्या कंपन्या असतात, पण खोक्यामागे पैसे घेतात आणि ऑगस्टअखेरपर्यंतचं भाडं नव्या फ्रीजच्या किमतीजवळ जातं, असा भाचीचा हिशोब. त्यात डॉर्मचा पलंग ८० इंच लांब, घरातला साधा एकट्याचा पलंग ७५ इंच. वर्षभर वापरलेल्या चादरी घरच्या गादीवर ढगळ होतात. म्हणून खाली दानासाठी ठेवलेल्या पेट्यांमध्ये सगळ्यात उंच ढीग चादरींचा होता. फोमची गादी तर दान घेणाऱ्या बहुतेक संस्था आरोग्याच्या कारणाने घेतच नाहीत, ती थेट हौदात जाते.

यावर उपाय शोधलेलेही आहेत. पेन स्टेट विद्यापीठाने २००२ साली ‘ट्रॅश टू ट्रेझर’ सुरू केलं. विद्यार्थ्यांनी टाकलेलं सामान गोळा करून फुटबॉलच्या बीव्हर स्टेडियममध्ये विकायचं आणि पैसे ‘युनायटेड वे’ या धर्मादाय संस्थेला द्यायचे. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०११ साली अशीच विक्री सुरू केली, पण ऑगस्टमध्ये: मे महिन्यात गोळा करायचं, उन्हाळाभर सांभाळायचं, नवी मुलं आली की त्यांनाच स्वस्तात द्यायचं. त्यातूनच पुढे इतर कॉलेजांना हे शिकवणारी संस्था निघाली. बोस्टनच्या ऑलस्टन भागात १ सप्टेंबरला शेकडो भाडेकरार एकाच दिवशी बदलतात आणि फुटपाथ फर्निचरने भरून जातात. लोक त्याला ‘ऑलस्टन ख्रिसमस’ म्हणतात. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये ऑगस्टच्या मध्याला हाच प्रकार होतो. तिथे निदान रस्त्यावरचं कोणीही उचलू शकतं.

मला राहून राहून वाटलं, इथे मधला माणूसच नाही. पुण्यात होस्टेल सोडताना बादली, टेबलफॅन, गादी ज्युनियरला विकायची, उरलेलं भंगारवाल्याला. त्याच्याही पलीकडे कचरावेचक. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी करून आपल्या कामाला नाव आणि हक्क मिळवला. आपल्याकडे या कामाला प्रतिष्ठा आहे, असा दावा मी करणार नाही. पण वस्तू टाकणाऱ्याच्या आणि हौदाच्या मध्ये कोणीतरी उभं असतं. अमेरिकेत मात्र तिथेच उभ्या असलेल्या बाईचे हात नियमाने बांधून ठेवले आहेत.

परदेशातून परतताना सामान मागे राहणं आपल्यालाही नवं नाही. डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात काही दिवस काढल्यावर पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या मित्राबरोबर राहिले. पोटाला चिमटा काढून घेतलेली सुमारे २,००० पुस्तकं त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडे हिंदुस्थानात पाठवण्यासाठी सोपवली. त्यातली काहीच त्यांच्या हाती लागली, असं धनंजय कीर यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आहे. १९१७ साली लंडनहून परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्याची जी भरपाई थॉमस कुक या प्रवास कंपनीकडून मिळाली, त्यातून बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च भागला. एकेक पुस्तक मोजून घेणाऱ्या माणसाचंही सामान वाटेत असं विरलं. आज विमानात एका बॅगेला २३ किलो मिळतात. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी प्रेशर कुकर न्यायचा की पुस्तकं, हा प्रश्न जमिनीवर बसून सोडवला असेल.

निघताना मी परत त्या मजल्यावर गेले. त्या बाईंची अठरावी खोली चालू होती. विद्यापीठांचे दान उपक्रम चांगलेच आहेत, पण त्यांच्या छायाचित्रांत नेहमी टीशर्ट घातलेले स्वयंसेवक विद्यार्थी दिसतात. ब्लीच ओतणारे हात कुठे दिसत नाहीत. माझ्या मते हा कचरा वेळापत्रकाने होतो, आणि वेळापत्रक बदलणं कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्यात आहे. मुलांना २४ तासांऐवजी तीन दिवस द्या, खोलीला २० ऐवजी ४० मिनिटं द्या, आणि टाकलेली चांगली वस्तू आधी कामगारांना उचलू द्या. यातल्या तिसऱ्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही.

येत्या ऑगस्टमध्ये ज्यांची मुलं तिकडे निघाली आहेत, त्यांना एवढंच सांगणं: इथून गादीची चादर नेऊ नका आणि तिकडे पोहोचल्याच्या दिवशी दुकानात धावू नका. आधी विद्यापीठाची जुन्या सामानाची विक्री कुठे असते ते विचारा. आणि मे महिन्यात खोली सोडताना मुलांना फ्रीज आदल्या दिवशी बंद करून स्वतः पुसायला लावा.