ठेंगणी केलेली मोटार

भिवंडी तालुक्यांतील खारबाव हें गांव अंजूरफाटा-चिंचोटी रस्त्यावर आहे. पावसाळ्यांत अशा वाटेवर गाडी जमिनीपासून जितकी उंच तितकी बरी, हें कोणीहि चालक सांगेल. तथापि अमेरिकेंतील कांहीं हौशी लोक फोर्ड, शेव्हरोले यांच्या जुन्या पिकअप मोटारी मुद्दाम ठेंगण्या करितात. ती युक्ति समजून घेण्याजोगी आहे.

अशा मोटारीचा सारा भार दोन लांब पोलादी तुळयांच्या सांगाड्यावर असतो. मागील आंस बहुधा पाट्यांच्या खालीं बांधलेला असतो. तो पाट्यांच्या वर बसविला, कीं गाडी कित्येक इंच खालीं येते. पण मग आंस व सांगाडा यांतील अंतर घटतें आणि खड्डा लागतांच आंस तुळईवर आदळतो. म्हणून त्या जागीं तुळईच्या खालच्या अंगास कमानीसारखी खांच कापितात.

खरा धोका येथेंच आहे. भरीव फळीची उंची निम्मी केली, तर तिचें बळ चौथाईवर येतें. या तुळईंत तर बहुतेक ताण वरची व खालची कडच सोसते, आणि खांच त्यांतील एक कड तोडते! यास्तव खांचेभोंवतीं तिच्याहून बरीच लांब अशी जाड पोलादी कमान जोडावी लागते. कोपरे गोल हवेत. टोंकदार कोपऱ्यांतून चीर सुरू होते, आणि रंगाखालीं ती दिसत नाहीं.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं न जुळणारा बदल करूं देत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं तेंच सांगितलें. भाताच्या गोणींनीं भरलेली गाडी मुळांतच पाट्यांवर दबते; उरलेलें अंतर तिला खड्ड्यांसाठीं हवें असतें.