वाढत्या मुलांचे कॅलिपर

केंद्र शासनाची 'एडिप' योजना १९८१ पासून राबविली जात आहे. तीनचाकी सायकल, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, कॅलिपर इत्यादी साधने तीमधून अल्प उत्पन्न गटातील दिव्यांगांना मिळतात. पुष्कळशी साधने कानपूर येथील एलिम्को या शासकीय उपक्रमात तयार होतात. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला लागतो. हे कागद शिबिराच्या दिवशी धावपळ करून मिळत नसतात.

साधन एकदा दिले की प्रकरण मिटले, अशी समजूत आढळते. तेच साधन पुन्हा मिळण्यास ३ वर्षांचे अंतर लागते, हे खरे. परंतु मुलाचा पाय वाढतो, कॅलिपर वाढत नाही. तो टोचू लागला की माळ्यावर जातो, आणि पुढे शाळेत येणेही थांबते. म्हणूनच १२ वर्षांखालील मुलांसाठी हे अंतर १ वर्षाचेच ठेवण्यात आले आहे. पालकांना ही सवलत ठाऊक असतेच असे नाही. मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकांनी ती त्यांच्या कानी घालावी.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो मार्चअखेरीस घाईघाईने न संपविता, गावात कोणाला काय हवे याची यादी वर्षारंभीच ग्रामसभेपुढे ठेवणे इष्ट.